साडूचा सोन्याचा दात आणि माझी काळी वाळू

१२ ऑक्टोबर १९३२
दसरा झाला. नवी वही, नवा निश्चय. रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. वाचणारा मी एकटाच, मग लपवायचं कुणापासून?

साडू येसाजी मुंबईहून आलाय. तिकडे मिलमध्ये जॉबर आहे, माणसं कामाला लावणारा. या खेपेला पुढच्या दातावर सोन्याचं टोपण बसवून आला. आपट्याचं पान हातात दिलं आणि हसला. पान देऊन झालं तरी हसतच उभा. मी विचारलं, दात दुखतो का? तर म्हणे, “न्हाय वो साडू, फॅशन हाय.” त्याची बायको मनुबाई, म्हणजे आमच्या राहीची थोरली बहीण, शेजारी अशा थाटात उभी की तो दात जणू तिनेच घडवला.

मला हेवा वाटत नाही. तो माझा स्वभावच नाही. फक्त नोंद म्हणून लिहितो की येसाजीचा तो दात आधीपासून पिवळाच होता.

१३ ऑक्टोबर
येसाजी आज विहिरीवर हसला. देवळात हसला. बुधाजीची म्हैस मेली ते सांगतानाही हसला.

मुद्दा असा. आम्हा दोघांची लग्नं एका मांडवात झाली. पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी, तळे गावच्या अंबाजीमामांनी, दोघा जावयांना सारख्या अंगठ्या केल्या. एकच पोवळं मधोमध कापलं, अर्धं त्याच्या अंगठीत, अर्धं माझ्या. लेकी सारख्या, जावई सारखे. मोठा अर्धा येसाजीला गेला हे मी तेव्हाच ओळखलं होतं, पण बोललो नाही. आता त्यावर हा दात. म्हणजे तो माझ्या एक दात पुढे गेला.

निश्चय: माघात पालीच्या जत्रेला सगळं सासर जमतं. त्याच्या आत मला सोन्याचे दात. दोन.

१७ ऑक्टोबर
अलिबागेस नारळ घालायला गेलो आणि नशीब उघडलं. सोनारआळीत एक झारेकरी बसला होता. सोनारांच्या दुकानातला केर विकत घेतो, धुतो, खाली जो काळा जड गाळ उरतो त्यात पारा मळतो. पारा सोनं गिळतो. मग फडक्यातून पिळायचं, फडक्यात राहिलेला गोळा तापवायचा, पारा उडून जातो, सोनं राहतं. किती सिंपल!

आता केरात सोनं सापडतं, तर आमच्या नागावच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर काळ्या वाळूचे पट्टेच्या पट्टे पडतात, ते काय उगाच? जड असते, चमकते. आजवर कुणी सायंटिफिक विचारच केला नाही.

झारेकऱ्याच्या बोटात साधा तांब्याचा वेढासुद्धा नव्हता. जन्मभर सोन्यात हात आणि स्वतः असा ओकाबोका. प्लॅनिंग नाही.

पारा घेतला. दुकानदाराला सांगितलं, उवांसाठी. त्यावर तो दोन पावलं मागे सरला. सीक्रेट राखायचं तर थोडी अब्रू जाणारच.

१९ ऑक्टोबर
दोन पाट्या वाळू आणली. परसात कारखाना सुरू. राही परात देईना, म्हणून करवंट्यांत धुतो. शाळामास्तरांकडून लोहचुंबक मागून आणलं. काळी वाळू त्याला दाढीसारखी चिकटते. चिकटलं ते लोखंड. न चिकटलं ते सोनं असणार.

राही म्हणाली, “अंगठी तरी काढून ठेवा, वाळूनं झिजंल.” तिला समजावून सांगितलं. मी अंगठी काढली की शेजारच्या घरातून मनुबाई कुंपणावरून बघणार, येसाजीला मुंबईस कळवणार आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार की भागोजीची अंगठी गहाण पडली. सोन्याचा भाव चढल्यापासून लोक घरातलं काय काय मोडतायत. अंगठी बोटातच राहील. त्याला दात दिसतो, मला निदान बोट दिसू दे.

२५ ऑक्टोबर
पारा मळला. पिळला. तापवला. काही नाही. वारा पश्चिमेचा होता.

३० ऑक्टोबर
दिवाळीला येसाजी परत हजर. कुंपणातून डोकावून विचारतो, साडू, काय मळताय? मी म्हटलं, शेतीचं औषध. मग मला बाजूला घेऊन म्हणतो, “मुंबईस या वो. मिलमधी लावून देतो कामाला, माझं वजन हाय तिथं.” पुन्हा ते हसणं.

पाहा किती पोचलेला माणूस आहे! माझ्याच परसात येऊन मला दया दाखवून गेला. राहीला हे सांगितलं तर ती म्हणते, दाजी चांगलंच बोलले. तिला माणसांची पारख नाही.

९ नोव्हेंबर
सोनं!!

पळीच्या तळाला पिवळं. मोहरीएवढं असेल, पण पिवळं! इतके दिवस पारा बोटांच्या टोकांनी मळत होतो, ते चूक होतं. परवापासून पूर्ण मूठ करवंटीत घालून मळतो. फरक लगेच दिसला. सायन्स ही अशी गोष्ट आहे.

ता. क. अंगठी पांढरी पडली आहे. खारं पाणी बाधलं असणार. चुलीत तापवली तर पुन्हा पिवळी झाली. जरा खरखरीत लागते.

२१ नोव्हेंबर
उत्पन्न वाढतंय. आज ज्वारीच्या दाण्याएवढं. डाव्या हाताने मळलं तर कमी निघतं, उजव्याने मळलं तर जास्त. माझ्या उजव्या हाताला यश आहे हे आजी म्हणायची ते खरं.

कष्टाने बोटं बारीक झाली आहेत. अंगठी सैल होते. दोरा गुंडाळला.

२ डिसेंबर
पारा तापवताना धूर फार होतो. डोकं दुखतं. तोंडाला धातूची चव. मनुबाईची कोंबडी वाऱ्याच्या दिशेला बसली होती, ती मेली. मनुबाई भांडली. मी शांत राहिलो. मोठ्या उद्योगात असं व्हायचंच.

पुढचा वरचा दात हलतो आहे. शुभशकुन. जागा आपोआप तयार होते आहे.

१० डिसेंबर
अंगठी गेली. सकाळी मळायला बसलो तेव्हा होती. दुपारी हात धुतले तर बोटाला नुसता दोरा.

घर पालथं घातलं. विहिरीत गळ सोडला. वाडीतला पाचोळा चाळला. राही नुसती कारखान्याकडे बघत म्हणाली, “काखेत कळसा आन् गावाला वळसा.” संकटात म्हणी सुचतात हिला.

चोरी आहे हे उघड आहे. चोर कोण हेही उघड आहे. त्या अंगठीवर अख्ख्या जगात एकाच माणसाचा डोळा होता. राही म्हणते, दाजी दिवाळी संपली तेव्हाच मुंबईस गेले. गेलेला माणूस परत येत नाही असं थोडंच आहे? रेवसला मुंबईची लाँच कशासाठी लागते?

संध्याकाळी मन रमवायला पारा पिळला. एकदम वालाएवढा गोळा! आजवरचं रेकॉर्ड. देव एका हाताने नेतो ते असं दुसऱ्या हाताने देतो.

१२ डिसेंबर
आणखी चमत्कार. करवंटीच्या तळाशी गाळ निवडताना पोवळं सापडलं. लाल, एका बाजूने सपाट. समुद्राला रत्नाकर म्हणतात ते उगाच नाही. येसाजी जन्मभर मिलमध्ये राबला तरी त्याच्या मिलमधून पोवळं निघायचं नाही.

राहीला दाखवलं. ती कधी पोवळ्याकडे बघे, कधी माझ्या बोटाकडे. मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं. संसाराला बरे दिवस आले की बायकांचं असं होतं. काहीतरी सांगायला लागली होती. मी म्हटलं, आता पालीलाच काय ते बोलायचं, सगळ्यांसमोर.

१५ जानेवारी १९३३
दात पडला. आपला आपण, भाकरी खाताना. पुडीत जपून ठेवला आहे.

पारा संपला. सगळं सोनं एकत्र वितळवलं, छान गोळी झाली. पालीचा कार्यक्रम ठरला. आधी मामांसमोर अंगठीची चोरी उघड करायची. येसाजीचं तोंड उतरलं की लगेच सोन्याची गोळी आणि पोवळं बाहेर काढायचं. एका बैठकीत तो खाली, मी वर. भाषण पाठ केलं. पुढचा दात नसल्यामुळे ‘सासरे’ नीट म्हणता येत नाही, म्हणून मामा म्हणेन.

१ फेब्रुवारी
पालीहून आलो.

लिहायचं म्हणून लिहितो.

बल्लाळेश्वराचं दर्शन झालं. धर्मशाळेत जेवायला पंगत बसली. मामा, मामी, येसाजी, मनुबाई, तळ्याचे दहाबारा लोक. मामांनीच माझं बोट पाहिलं आणि विचारलं, “जावईबापू, अंगठी कुठं हाय?” मी उभा राहिलो. म्हटलं, चोरीला गेली. कुणी नेली, मामांनी विचारलं. मी नाव घेतलं नाही. नुसतं येसाजीकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

येसाजी हसायचा थांबला. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच रुमाल सोडला आणि सोन्याची गोळी नि पोवळं पत्रावळीवर ठेवलं. म्हटलं, अंगठी गेली तर जाऊ दे, मामा, हे मी समुद्रातून काढलंय.

मामा त्या पोवळ्याकडे बघत राहिले. मग मनुबाई “अगो बाई” म्हणाली आणि राहीने पदर तोंडाला लावला. आणि तेव्हा मला कळलं. तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं. या वहीशी खोटं कशाला बोलू? आतून कुठेतरी कळलं असेल, पण ते मी वर येऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात येसाजी म्हणाला, “मामा, त्यांचा काय दोष न्हाय. मीच थट्टेनं त्यांची अंगठी काढून पाऱ्यात टाकली. विरघळंल हे मला काय ठावं? चूक माझी.”

मामांनी त्याला पंगतीत झाडला. मुंबईला जाऊन माकड झालास म्हणाले. नव्या अंगठीची घडणावळ तू द्यायची म्हणाले. येसाजी मान खाली घालून व्हय व्हय म्हणत होता. मी चोर ठरवलेला माणूस खरोखर चोर ठरला, आणि मी नुसता भात कालवत राहिलो.

११ फेब्रुवारी
अंगठी घडून आली. त्या सोन्याची तेवढीच झाली, तीही बारीक. पोवळं पुन्हा बसलं. दाताला काही उरलं नाही.

उरलेली वाळू किनाऱ्यावर टाकली. मनुबाईला कोंबडी नेऊन दिली. येसाजी मुंबईस निघाला होता. मला पाहून तोंड मिटून घेतलं. माझ्या दाताची खिंड बघून त्याला संकोच वाटला असणार. मी म्हटलं, हस की. तो म्हणाला, “न्हाय, ऊन हाय.”

त्याच्या दाताचं मला आता काही वाटत नाही. दात पैसे टाकले की बसतो. पण भरल्या पंगतीत माझ्यासाठी तो जे खोटं बोलला, ते मला जन्मात सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी मी बोललो नसतो. तेही त्याच्याकडेच. याला काय म्हणावं?

एक लिहायचं राहिलं होतं. राहू देणार होतो. पालीला मामांनी खात्री करायला दोन्ही पोवळी शेजारी शेजारी धरली होती. काप बरोबर जुळला. मोठा अर्धा माझा निघाला. येसाजीला मी आज विचारलं, तर म्हणाला, पहिल्या दिवाळीपासून ठाऊक होतं.