रात्रीचा पट्टा कोणाच्या दंडाला

जेजू, मंगळवार, १२ नोव्हेंबर

आदरणीय मिओकताई,

नमस्कार. बुसानच्या थंडीत तू, भावजी आणि मुलं ठणठणीत असाल असं धरून चालते. आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की माझ्या आजीचा रक्तदाब दिवसा एकशे अठ्ठावीस आणि रात्री एकशे चौसष्ट असतो, म्हणून तिचं समुद्रात उतरणं मी बंद केलं आहे. आकडे बरोबर आहेत. (तीनदा पडताळले.) फक्त रात्रीचे आकडे आजीचे नाहीत, दुपारचेही नाहीत.

झालं असं. आमच्या दवाखान्यात चोवीस तासांचं यंत्र एकच आहे. दंडाला पट्टा, कमरेला डबी. पट्टा अर्ध्या-अर्ध्या तासाने फुगतो आणि आकडा नोंदवतो. त्या दिवशी वाऱ्यामुळे कोणी समुद्रात उतरणार नव्हतं, म्हणून मी सकाळी तो आजीला बांधला, सूचना लिहून दिल्या (आजीला वाचता येत नाही, हे दवाखान्यात पोचल्यावर आठवलं. घरात शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे अशा चुका करायलाही मीच) आणि कामावर गेले. आता आपल्या पाणबुड्या बायकांची रीत तुला ठाऊक आहे. एखादीच्या जाळीत शंख कमी पडले, की बाकीच्या आपल्यातले मूठभर टाकतात. शेकोटीपाशी बसल्यावर आजीला लाज वाटली, की यंत्र मिळालं ते आपल्या एकटीलाच! म्हणून दुपारी ते ओकसुनआजीने बांधलं, आणि "रात्रपाळी मुकादमाची" असं म्हणत रात्री तुझ्या आईने, म्हणजे आमच्या सुनयोलकाकूंनी. पहाटे ते गुपचूप आजीच्या दंडावर परत आलं.

ताई, म्हणजे एकशे चौसष्ट सुनयोलकाकूंचा आहे. रात्री दाब उतरायला हवा, तेवढीच रक्तवाहिन्यांना विश्रांती. काकूंचा उतरतच नाही, त्या वाहिन्या कडक होत चालल्या असणार. आणि काकू अजून दम कोंडून तळाशी जातात, बायकांत सर्वांत खोल.

हे मला कळलं परवा. आजीला सहज विचारलं, पट्ट्याने रात्री झोपमोड झाली होती का? "कसला पट्टा? मी मेल्यासारखी झोपले होते," असं म्हणून तिने जीभ चावली. मी रागावले, तर उलट मलाच म्हणाली, "चोवीस तास दंडावर हवा म्हणालीस. कुणाच्या, ते कुठं म्हणालीस?" खरं म्हणजे, मी आकडे वाचून दाखवले तेव्हाच रात्रीचे कोणाचे, हे तिला उमगलं होतं. सुनयोलला पाण्याबाहेर बसवलं तर ती भिंती खाईल, असं म्हणून हिने दुखणं आपल्या नावावर घेतलं आणि एकवीस दिवस घरात मुळे सोलत बसली. वर काकू रोज येऊन चिडवतात, "काय गं म्हातारे, तुझं रक्त म्हणे रात्री फिरायला जातं?" आजी खाली मान घालून हसते. मला ते पाहवत नाही.

काकूंना सकाळी दवाखान्यात बोलावलं, तर म्हणाल्या, "आधी आजीला बरी कर, मग माझ्या मागे लाग."

काळजी करू नकोस. औषधं आहेत, जेवणात मीठ कमी करता येतं.

तुझी धाकटी,
हेरिम

ता. क. "काळजी करू नकोस" हे मी सवयीने लिहिलं. कर.

ता. क. दुसरा. चूक आजीची नाही. घरी डोकावून पट्टा कोणाच्या दंडावर आहे हे मी पाहिलं नाही, आणि आकडे आले तेव्हा ते तिचेच आहेत का, हेही विचारलं नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. सुनयोलला सांगणार नाही, असा शब्द आजीने माझ्याकडून घेतला आहे. तिच्या लेकीला सांगू नकोस, असं ती म्हणाली नव्हती. (दोन रात्री विचार केला, नव्हतीच म्हणाली.) तू येऊन सांग. या आठवड्यात पुन्हा वारा आहे, पुढे पौर्णिमेच्या भरतीची ओढ, म्हणून कोणी समुद्रात उतरत नाही. यंत्र गुरुवारी मोकळं होईल. तू आलीस तर उत्तम. नाही आलीस, तर मी शब्द मोडून काकूंच्या दारात उभी राहणार आहे: शुक्रवार, १५ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता.