होडीतली गोष्ट कुणी फोडली?

३ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वाकून करतेय असं समज, खरं तर टाइपरायटरपुढे ताठ बसलेय.

आमचं प्रचार कार्यालय म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर आमचे कप बशीत नाचतात. आमच्या उमेदवार बाईसाहेब आतल्या खोलीत असतात. बाहेर मी, आणि समोरच्या टेबलावर त्यांची भाषणं लिहिणारा. त्याच्या उजव्या बाहीला कायम शाई, म्हणून मी त्याला शाईवाला म्हणते. आधी मनात म्हणायचे, आता तोंडावर.

तू विचारायच्या आधीच सांगते: उंच आहे, चहा गार होईपर्यंत विसरतो, आणि प्रत्येक भाषण मला वाचून दाखवतो. मी जांभई दिली की ती ओळ खोडतो. काल त्याला खोडायला काही मिळालं नाही. भाषण चांगलं होतं म्हणून नव्हे, मी ऐकतच नव्हते, नुसती बघत होते.

आता एक गोष्ट, पण पोटात ठेव. पुढच्या शुक्रवारी धक्क्यावरच्या सभेत बाई नदीवरच्या पुलाची घोषणा करणार. नकाशासुद्धा तयार आहे. बाई, तो आणि मी, तिघांनाच माहीत. त्यावरून मी त्याला तुझी होडीतली गोष्ट सांगितली. आईच्या वेळी तुला भर पात्रात कळा आल्या, नावाड्यानं पाठ फिरवली आणि भीतीनं मोठमोठ्यानं पाढे म्हणत वल्ही मारली, ती. तो म्हणाला, भाषणात घेऊ. मी म्हटलं, नाही, ती आमच्या घरची आहे. त्यानं लगेच पेनाला टोपण लावलं.

लोभ आहेच, तो रोज वाढता ठेव.

तुझी,
खारूताई

७ मार्च

चि. खारूताईस,

अ. उ. आ., आणि वर एक जास्तीचा, तो का ते तुला माहीत आहे.

अगं, काय पत्र लिहिलंस! शिंप्यांनी वाचलं तेव्हा मी हातातलं काज तसंच सोडून ऐकत बसले. दुकानात चार माणसं होती, सगळी खूश. चहा विसरणारा माणूस बरा, असं शिंपीणबाई म्हणाल्या, आमचे तर बशी पुसून पितात. शिंप्यांना ते ऐकू गेलं, मग अर्धा तास मशीन जोरात चालली. जांभईचं तर सगळ्यांना फार आवडलं.

तुझे आजोबा मला बघायला आले तेव्हा मीही काही ऐकत नव्हते. त्यांच्या सदऱ्याचं एक बटण लोंबत होतं, सगळं लक्ष तिथे. ते गेल्यावर म्हटलं, हा चालेल, याला माझी गरज आहे. तुझ्या शाईवाल्याची बाही मीठ लावून धू. नाही तर राहू दे, गर्दीत ओळखायला बरी.

माझा गुडघा बरा आहे. मांजरीला तीन पिल्लं झाली, तिन्ही उद्धट. पत्र लवकर धाड, आता सगळेच विचारतात, आलं का म्हणून.

माया आहेच, पत्रानं ती ताजी राहते.

तुझी आजी

१५ मार्च

ती. आजीस,

सा. न. तुझं उत्तर अजून आलं नाही, आणि आज गंमत करायला सुचत नाही.

गुरुवारी, आमच्या सभेच्या आदल्या दिवशी, विरोधी उमेदवारानं त्याच धक्क्यावर उभं राहून पुलाची घोषणा केली. शुक्रवारी बाई बोलायला लागल्या तर लोक म्हणाले, हे कालचंच वाचतात. आणि आजी, त्यानं होडीतली गोष्ट सांगितली! पाठमोरा नावाडी, पाढे, सगळं.

बाईंनी मला आत बोलावून विचारलं, ही गोष्ट कुणाकुणाला माहीत होती? मी खरं तेच सांगितलं, की फक्त त्याला. सांगून वळले तर तो दारात उभा. त्यानं मला एवढंच विचारलं, तुलाही तसं वाटतं का? मी गप्प बसले. नाही म्हणायला तोंड उघडेना, कारण दुसरं कोण, ते सुचत नव्हतं.

येत्या शनिवारी त्यानं टेबल रिकामं करायचंय. घरभेद्या म्हणून एकदा नाव झालं की त्याला कोणतंही कार्यालय दारात उभं करणार नाही. आणि आजी, सभा झाली की तो मला काहीतरी विचारणार होता. आठवडाभर तोंड उघडायचा आणि मिटायचा. मी उत्तर तयार ठेवलं होतं. आता तो समोर बसून मान खाली घालून लिहितो, वाचून काही दाखवत नाही. त्यानं हे केलं असेल का गं? तू त्याला पाहिलेलं नाहीस, तरी सांग.

तुझी,
खारूताई

१८ मार्च

बाईसाहेबांस,

सा. न. वि. वि. वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, मानानं मोठ्या, म्हणून नमस्काराबरोबर आशीर्वादही पाठवते. हवा तो ठेवून घ्या.

मी तुमच्या टाइपवाल्या मुलीची आजी. शाळेत दोन वर्षं गेले. छापलेलं वाचते, लिहिते ते असं मोठं मोठं, पण नातीचं अक्षर म्हणजे पळत्या मुंग्या. म्हणून तिची पत्रं मी कोपऱ्यावरच्या शिंप्यांकडून वाचून घेते. मी त्यांची काजं-बटणं करते. ते पाय मशीनवरून काढतात, चष्मा पुसतात आणि असं वाचतात की गिऱ्हाईक माप द्यायचं विसरतं. तिनं लिहिलं होतं, पोटात ठेव. तेही त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि आम्ही सगळे हसलो.

गिऱ्हाइकांत एक कोटवाले आहेत. दर निवडणुकीत त्यांचं पोट वाढतं, कोट सैल करून घेतात. ते दुसऱ्या पक्षाचं काम करतात हे गल्लीला माहीत आहे, मलाही. पण नातीचं पत्र म्हणजे घरातली गोष्ट, तिचा पक्षाशी काय संबंध, असंच माझं डोकं चाललं. होडीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, किती मायेनं ऐकतात! मी अभिमानानं फुगून बसले.

काल नवं पत्र वाचताना शिंपी होडीपाशी आले आणि थांबले. सगळ्यांच्या माना कोटवाल्यांकडे वळल्या. कोटाला टाचण्या लावलेल्या होत्या, तसेच टाचण्यांसकट निघून गेले. बसतील तेव्हा त्यांना कळेल.

तेव्हा गुन्हेगार मी. त्या मुलानं काही केलेलं नाही, त्याला काढू नका. शिक्षा करायची तर नातीला सांगा, आजीला पत्र लिहायचं नाही. एवढी मला पुरे होईल.

आणि गोष्ट माझी आहे, ती मी तुम्हाला देते. त्यांनी अर्धवट सांगितली. नावाडी सात आठे चोपन्न म्हणाला आणि मी तशा कळांत ओरडले, छप्पन्न! पूल कुणीही बांधा, पण हिशेबानं बांधा.

चूकभूल पदरात घ्यावी, हे पत्र मात्र त्या मुलाला द्यावं.

टाइपवालीची आजी

२७ मार्च

चि. खारूताईस,

अ. उ. आ., आज मोजून नाही, ओंजळीनं.

तुझं मोठ्या अक्षरांचं पत्र आलं. दुकानाच्या पाटीएवढं एकेक अक्षर, सात पानं झाली. शिंपी दारात आले होते, म्हणाले वाचू का? कान धरून माफी मागतात रोज बिचारे. म्हटलं, माफ केलं, पण हे माझं मी बघते. आणि दार लावून घेतलं.

बोट ठेवून ठेवून वाचलं. बाई माझं पत्र घेऊन स्वतः त्याच्या टेबलापाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत माझं चुकलं म्हणाल्या, इथवर यायला मला तासभर लागला. मोठी बाई गं. मत तिलाच. पाचव्या पानावर तो तुला म्हणाला की बाईंचं मी समजू शकतो, तुझं गप्प बसणं समजत नाही. मी चष्मा काढून ठेवला. खरं बोलला. तुझ्यावर रागवावं तर मूळ मीच.

सहाव्या पानावर तू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. म्हणालीस, मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आणि तो जे विचारणार होता ते तूच विचारून टाकलंस. तिथे पान संपलं! असं संपवतात का कुणी? उलटायचा धीर होईना. घर झाडलं. धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. मांजरीला विचारलं, तिनं तोंड फिरवलं.

मग बसले. पहिली ओळ: तो काहीच बोलला नाही. दुसरी ओळ: त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि टाइप करायला तुझ्यापुढे सरकवलं. तिसरीवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. अगं, किती वेळ.

उघडले तर पानाच्या मधोमध नुसतं 'हो'. आणि ते मी कुणाला न विचारता वाचलं.

तुझी आणि आता त्याचीही,
आजी