बुडालं ते किती

४ मार्च
बाटल्या आल्या. जहाज धक्क्याला लागलं तेव्हा मी प्रयोगशाळेत फ्रिज रिकामा करत होते. मॅडम म्हणाल्या, निकाल चांगला आला तर कंपनी पुढच्या मोहिमेलाही पैसे देईल, आणि मोहीम झाली तर जहाजावर तू.
तर — निकाल.

५ मार्च
आईचा फोन. मी नेमकं काय करते, हे पुन्हा समजावलं. समुद्रात लोहाची पूड टाकली की शेवाळ फोफावतं, हवेतला कार्बन ओढून घेतं. मेल्यावर ते खोल बुडालं, तरच फायदा. वरच्या वर कुणी खाल्लं, की तो कार्बन परत हवेत. खोलवर टांगलेल्या बाटल्यांत जे पडतं, ते मी मोजते.
"लोक बुडू नये म्हणून धडपडतात," आई म्हणाली, "आणि तुमचं बुडालं तरच काम झालं!"
मागून बाबा — तुझ्या आईलाही डॉक्टरांनी लोहाच्याच गोळ्या दिल्यात, ती काही हिरवी झाली नाही.
हसले. फोन ठेवला आणि पुन्हा बाटल्यांकडे.

८ मार्च
बाटल्यांत शेवाळ कमी, किडे जास्त! कोळंबीसारखे, पण जेमतेम दिसतील इतके लहान. हे बुडालेले नाहीत. आपणहून पोहत आत शिरले आणि नमुना कुजू नये म्हणून आत घातलेल्या औषधात मेले. यांना मोजणीत धरून चालणार नाही. चिमट्याने एकेक वेचते आहे. मान आखडली.

९ मार्च
किड्यांसकट — लोह टाकलेल्या पाण्यात दुप्पट कार्बन बुडाला. किडे वगळून — लोह न टाकलेल्या शेजारच्या पाण्याइतकाच. तिथे खायला जास्त, म्हणून किड्यांची गर्दी. बस.
पुन्हा वजन केलं. तेच.

१० मार्च
दोनदा नळ उघडा ठेवून निघाले. असं मी करत नाही.

११ मार्च
मॅडमना दोन्ही आकडे दाखवले. मग म्हणाल्या, किडे मेलेच ना, म्हणजे बुडालेच की.
"ते आपल्या बाटलीत मेले, मॅडम."
"तुला जहाजावर जायचंय ना?" आवाज जराही चढला नाही.
हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? मग कंपनीला आकडा तूच पाठव, म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

१२ मार्च
किडे वगळून पाठवला. खाली लिहिलं — दुसऱ्या पाण्यात, दुसऱ्या ऋतूत वेगळं घडेलही. आम्हाला माहीत नाही.
आकडा दुप्पट यायला हवा होता. नुसत्या जहाजासाठी नाही. इतकी उष्णता, इतका धूर, आणि उपाय म्हणून मूठभर पूड — मलाही ते खरं ठरायला हवं होतं.


१९ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. चोख कामाबद्दल आभार. लोह कमी पडलं असावं, म्हणून पुढच्या मोहिमेत दहापट टाकणार आहेत. प्रमुख म्हणून माझं नाव.
मी अजून नाही म्हटलेलं नाही.