गंगूबाईचा बाण

२ एप्रिल, गुरुवार

बाण हलला नाही. सकाळी पाहिला, जेवणानंतर पाहिला, आता दिवेलागणीला पुन्हा ऋतिकाचा फोन मागितला. सून चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण देताना सुस्कारा सोडला. मी ऐकला.

नकाशात हिरवा बाण आहे तो म्हणजे बोट, आणि बोट म्हणजे आमचा मुलगा निरंजन. युरिया भरून आखाताच्या आत उभी आहे. बाहेर पडायची वाट चिंचोळी, आणि तिथंच लढाई. नौदल म्हणतं — थांबा, जहाजं गोळा होऊ द्या, मग आमची युद्धनौका सोबत देऊन सगळ्यांना एकदम बाहेर काढू. बोटीचा मालक म्हणतो, थांबायचं तरी किती?

मालक आपलाच, शेखर. चुलतभावाचा मुलगा. महाळुंग्याचं रान बिल्डरला दिलं, भागीदार गाठले आणि एक जुनी मालवाहू बोट घेतली. रान विकून कुणी गाडी घेतं, कुणी हॉटेल टाकतं. यानं बोट घेतली! तिला आईचं नाव दिलं — गंगूबाई. गंगूबाई वहिनी अजून आहेत, महाळुंग्यात चौदाव्या मजल्यावर राहतात. पाण्याला भितात. मुळशी धरणाच्या लाँचमध्येसुद्धा कधी बसल्या नाहीत.

निरंजन घोटावड्याच्या कारखान्यात फिटर होता. शेखरनं त्याला बोटीवर फिटर केलं. काम तेच आहे आप्पा, शेखर म्हणाला होता, फक्त खालची जमीन हलते.

३ एप्रिल

बाण तिथंच. रक्तदाबाची गोळी घ्यायची विसरलो. मग आठवलं, घेतली होती.

४ एप्रिल, शनिवार

शेखरचा फोन आला. म्हणे नरहरी तुमचा भाचा, तुमच्या शब्दाबाहेर नाही, सांगा की त्याला.

नरहरी म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा, नौदलात कमांडर. मुंबईच्या कचेरीत असतो. तिकडच्या जहाजांनी कधी थांबायचं, कधी निघायचं ते तिथून कळवतात. शेखरचं म्हणणं, एसीत बसून दुसऱ्याच्या बोटी अडवायला काय जातंय.

नरहरीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी निरोप आला — मामा, कामात आहे. निरंजन ठीक आहे. थांबण्यातच शहाणपण आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेला. शेखर बोलला की शेखरचं खरं वाटतं. नरहरी बोलला की नरहरीचं. दोघं एका वेळी बोलले तर माझं काय होईल कोण जाणे.

६ एप्रिल, सोमवार

बाण गेला!

ऋतिका म्हणाली, नेट नसेल. वरच्या खोलीतल्या भाडेकरूच्या फोनवर पाहिलं, तिथंही नाही. नुसता निळा समुद्र. तुळजानं, निरंजनच्या आईनं, देवापुढं दिवा लावला आणि मला म्हणाली, बसा. बसता येईना.

शेखरला फोन केला तर तोच तापलेला. नौदलानं सांगितलं म्हणून कप्तानानं ठावठिकाणा दाखवायचं यंत्र बंद केलं म्हणे. ज्यानं माल घेतलाय तो विचारतोय बोट कुठंय, विमेवाले विचारतायत. खूप बोलला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "आप्पा, तुमी बोला. मालकाचं कुणी ऐकत न्हाई. बापाचं ऐकत्यात."

संध्याकाळी त्यानं माणूस पाठवला. त्यानं मला ओट्यावर बसवलं, टोपी सारखी केली, फोन तोंडासमोर धरला. मी म्हणालो, माझा मुलगा कुठं आहे ते मला दिसू द्या. त्याला किती दिवस अडवणार, सोडा त्याला. अजून काय काय बोललो, आठवत नाही. शेवटी डोळे भरले. ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

८ एप्रिल, बुधवार

पौडला बँकेत गेलो होतो. शिपाई म्हणाला, तुमाला फोनवर पाह्यलं, आणि चहा सांगितला. रांगेतल्या बाईनं मला पुढं जाऊ दिलं. बातम्यांतही दाखवलं म्हणे. बरं वाटलं.

घरी आलो तो नरहरीचा फोन. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मामा, तुम्हाला दिसतो तो बाण सगळ्यांना दिसतो. क्षेपणास्त्र सोडणाऱ्यालाही दिसतो."

मग म्हणाला, जत्रेला येतोय, आईला सोडायला, तेव्हा बोलू.

सगळ्यांना दिसतो. मला वाटत होतं, ऋतिकानं फोनवर घेतला म्हणजे तो आमचा घरचा आहे.

१० एप्रिल, शुक्रवार

जत्रा झाली. शेखर आणि नरहरी दोघेही जेवायला. येऊ नको कुणाला म्हणणार? एक चुलत्याकडं आलेला, एक मामाकडं.

समोरासमोर बसले. शेखरनं पहिली वाटी संपवली. मग सुरू.

"काय कमांडर, आमची गंगूबाई कदी सोडताय?"

जहाजं जमली की, नरहरी म्हणाला. भाकरी मोडत होता, वर पाहिलं नाही.

"राखण करताय का कोंडून घातलंय?"

नरहरी म्हणाला, प्रत्येक मालकाला सोबत पाहिजे आणि प्रत्येकाला पहिलं जायचंय. एकटा निघालेला अडचणीत आला की त्याला काढायला आमची पोरं पाठवायची. तेव्हा कुणी विचारत नाही, कुणाची पोरं म्हणून.

शेखर हसला. "तुमची बोट सरकारची. माजी बापाच्या रानाची हाय. बुडाली तर तुमची बदली, आन् मी रस्त्यावर."

मी मध्येच म्हणालो, मटण घ्या. कुणी ऐकलं नाही.

मग नरहरी माझ्याकडं वळला. "मामा, गट निघतो तेव्हा सगळ्यात हळू जहाजाच्या चालीनं सगळे चालतात. कुणाला मागं टाकत नाहीत. हा माझा शब्द."

"सगळ्यात हळू आमचीच हाय," शेखर म्हणाला. "तिच्यापायी बाकीचे मालक थांबत्यात व्हय? तुमी समुद्र वळखत असाल. मालक मी वळखतो."

तुळजा रस्स्याचं भांडं घेऊन मागं उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

"माजा निरंजन तुमच्यातल्या कुणाचा हाय, तेवढं सांगा. मंग वाढते."

दोघांनीही ताटावरचे हात मागं घेतले. थोड्या वेळानं तिनं वाढलं. पाहुणे शेवटी पाहुणेच.

निघताना शेखरनं सांगितलं. वरून परवानगी आली आहे, ज्याला जायचं त्यानं आपल्या जबाबदारीवर जावं. "तुमच्या व्हिडिओनं काम केलं, आप्पा." माझ्या पाठीवर थाप मारली. नरहरी बुटांची नाडी बांधत होता. बांधून झाली तरी वाकलेलाच राहिला.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी बाण आला. आणि चालतोय! ऋतिकानं पळत येऊन दाखवला, तुळजानं देवापुढं साखर ठेवली. मी पाहिलं तर आजूबाजूला दुसरा एक बाण नाही. एकटीच चालली आहे, सगळ्यांना दिसत.

ऋतिकाला म्हटलं, बंद कर. ती म्हणाली, फोन? म्हटलं, बाण. हसली. इथून बंद होत नाही आप्पा, म्हणाली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली.

आमच्या भऱ्याहून पिरंगुटपर्यंत चालत गेलो, तिथून बस, पुढं महाळुंग्याला रिक्षा. शेखर घरीच होता. म्हटलं, माघारी बोलव. यंत्र बंद कर. गटात जाऊ दे तिला.

"आप्पा, जगासमोर म्हणालात सोडा. आता म्हणताय थांबवा. कप्तानाला काय सांगू, म्हाताऱ्याचं मन बदललं?"

बरोबरच होतं त्याचं. मी उठलो. गॅलरीत गंगूबाई वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, भावजी, पाणी तरी पिऊन जा. बसलो. अर्धा पेला पिऊन सगळं सांगितलं — बाण, लढाई, निरंजन. त्यांना यातलं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

"शेकर, हिकडं ये," त्या म्हणाल्या. "ती बुडाली तर पेपरात काय लिवतील रं? गंगूबाई बुडाली?"

शेखर म्हणाला, आई, नाव आहे नुसतं.

"मंग तुज्या बायकूचं द्यायचं व्हतं. फिरीव तिला."

तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. काचेच्या दारातून दिसत होतं — हातवारे करत होता, एकदा कपाळावर हात मारला. बाहेर येऊन म्हणाला, फिरवली, यंत्र पण बंद करायला सांगितलं, आता झोपा सुखानं.

वहिनींनी निवडलेली मेथी पिशवीत घालून दिली.

१३ एप्रिल

बाण नाही. निळा समुद्र. झोप लागली.

१५ एप्रिल, बुधवार

नरहरीचा निरोप — गंगूबाई गटात येऊन उभी राहिली. आता काळजी नको.

वरच्या खोलीची तोटी गळत होती, ती बदलून घेतली. आंब्याला बऱ्यापैकी कैऱ्या आहेत. तुळजानं विचारलं, आज फोन मागितला न्हाई? म्हटलं, बघायचं काय त्यात?

निरंजन आला की त्याला कारखान्यातच परत चिकटवायचं. मी स्वतः जाऊन बोलेन.

१७ एप्रिल

आज काही नाही. चांगलं आहे.

१८ एप्रिल, शनिवार

ऋतिकानं एक व्हिडिओ दाखवला. दाखवू का नको, असं तिचं चाललं होतं. गटातल्या दुसऱ्या कुठल्या जहाजावरच्या पोराचा बाप. कोकणातला असावा. घरापुढं खुर्चीवर बसलेला, माझ्याच वयाचा. म्हणतो, एका जुन्या बोटीला चाल नाही, तिच्यापायी आमच्या मुलांना किती दिवस मरणाच्या दारात उभं करणार?

पुन्हा लावायला सांगितला. शेवटी त्याचे डोळे भरले. ते त्याला कुणी सांगितलं नसणार.

१९ एप्रिल, रविवार

गट निघाला. नरहरीनं आपणहून फोन केला. "मामा, गंगूबाई मागं राहिली. युद्धनौकेला थांबता येत नाही. वरून हुकूम आहे."

ऋतिकाला म्हटलं, बाण बघ कुठं आहे.

ती म्हणाली, "आप्पा, तो आपणच बंद करायला लावला."