तुमच्या कमरेची कांडी

उस्ताद, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि माझा राग अजून ताजा आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरतो. तुम्हाला कुठलीच भाषा वाचता येत नव्हती, आणि मी मराठी लिहायला शिकलो ते थेट इराकात, बसऱ्याला, साताऱ्याच्या एका शिपायाकडून. म्हणजे तुम्ही असता तरी हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि चारचौघांत स्वतःबद्दल वाईट ऐकून घेणारे तुम्ही नव्हतात. एकदा घेतलंत, आपल्या मुरुम गावच्या बाजारात. ते मी ऐकवलं होतं.

त्याच बाजारात कडुलिंबाखाली आपली भट्टी असायची. मी भाता ओढायचा, तुम्ही कल्हई करायची. तांब्याचं पातेलं निखाऱ्यावर तापलं की नवसागराची चिमूट, भसकन पांढरा धूर, मग आत कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवला की काळं पातेलं लख्ख. तुमचा तो हात मी अजून विसरलेलो नाही, तेवढं कबूल करतो. पण त्याआधी तुमचा एक खेळ असे. कमरेला खोचलेली कांडी काढून तुम्ही ती गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकवायचा. शुद्ध कथील वाकवलं की आतून करकरतं. "ऐका मावशी, बोलतंय का न्हाय? बोलतंय ते खरं कथील. शिसं मुकं आसतंय." मावशी खूश. मग ती कांडी परत कमरेला जायची आणि मांडीखालच्या पोत्यातून दुसरी निघायची, निम्मी शिशाची. शिसं स्वस्त, मिसळलं की कथील लवकर वितळवणारं, आणि त्या भांड्यात चिंचेचं सार उकळलं की पोटात जाणारं. हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं. मी भाता ओढत राहिलो.

जर्मनांशी पहिली लढाई लागली तेव्हा मी एकोणीस-वीसचा असेन. सोलापुरात इंग्रजांच्या फौजेची भरती चालली होती आणि फौजेच्या भटारखान्यांना कल्हईवाले हवे होते, समुद्रापलीकडं, बसऱ्याला. अम्मी रडली. तुम्ही रडला नाहीत, तीन बाजार माझ्याशी बोललाही नाहीत. निघायच्या दिवशी मात्र घरी बोलावलंत. चुलीपुढं बसवून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढलीत, मी हात धुतले आणि तुम्ही कमरेची कांडी काढून माझ्या हातावर ठेवलीत. "ही घे. हिच्याबिगर मी कवा बाजारात बसलो न्हाय. तिथं नाव काढ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उस्तादाची चीज उस्तादासमोर तपासायची नसते, ते त्याला खोटारडा म्हणण्यासारखं असतं. हे तुम्हीच मला कानाखाली देऊन शिकवलं होतं. मी ती कांडी डोळ्यांना लावली, कुडत्याच्या आत ठेवली. तुम्ही हसून म्हणालात, "चाललायस खरं, पर लवकर येतोस बघ परत." मला ती माया वाटली. सोलापूरच्या वाटेवर निजामाच्या नाक्यावरच्या शिपायानं गाठोडं उपसलं आणि हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मी केवढ्या तोऱ्यात सांगितलं, माझ्या उस्तादाची कांडी आहे!

बसऱ्याला पहिल्याच दिवशी परीक्षा. तंबूपुढं भट्टी, समोर माणूस बसेल एवढी तांब्याची डेग, आणि एक पंजाबी हवालदार. त्यानं विचारलं, स्टोअरमधलं कथील देऊ का? मी म्हणालो, नको, माझ्याकडं माझ्या उस्तादाचं आहे. डेग अशी उजळली की बाकीचे कारागीर वळून बघायला लागले. हवालदारानं खिशातून पांढरा रुमाल काढला आणि डेगेच्या पोटात घासला. रुमाल शिशानं काळा झाला. त्यानं मला जवळ बोलावलं, तो रुमाल माझ्या कपाळावर पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, हा आपल्या जवानांना जहर घालायला आलाय. हाकलून दिलं नाही. करार होता ना! अडीच वर्षं मी त्याच भटारखान्यात वाळूनं डेगा घासल्या. कल्हई दुसरे करत, मी त्यांच्या राखेची घमेली उचलत असे. कारागीर म्हणून गेलो आणि घासणारा म्हणून ओळखला गेलो. वाळूत हात सोलून निघत आणि मी प्रत्येक डेगेमागं तुम्हाला एक शिवी देत असे. तुमची उरलेली अर्धी कांडी मी जपून ठेवली होती, कशासाठी ते मला नीट माहीत होतं.

परत आलो तो बाजाराच्याच दिवशी मुरुमला उतरलो. घरी गेलो नाही. तुम्ही कडुलिंबाखाली होता, दाढी पांढरी झाली होती, भाता स्वतःच ओढत होता. भोवती भांडी घेऊन बाया बसल्या होत्या. मला बघून तुम्ही उठलात, हात पसरलेत. मी तुमच्या हातांकडं बघितलंसुद्धा नाही. बसऱ्याहून आणलेली शुद्ध कांडी एकेकीच्या कानाशी वाकवली, मग तुमची ती उरलेली अर्धी वाकवली, मग पोतं उपसून सगळ्या मुक्या कांड्या बाहेर फेकल्या. "ह्ये शिसं हाय! उस्ताद, ह्ये तुमी ह्यांच्या लेकरांना चारलंय!" एक म्हातारी तुम्हाला म्हणाली, "आमचा नातू पोट दुखून दुखून वाळला की वो." मग एकेक पातेलं उचललं गेलं. तुम्ही एवढंच बोललात, अगदी हळू, "भाता तूच वडत हुतास की रं." मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

तुमची भट्टी पुन्हा पेटली नाही. मी त्याच कडुलिंबाखाली बसलो आणि तुमची सगळी गिऱ्हाइकं घेतली. तुम्ही गेलात तेव्हा मी गावात होतो. मयतीला आलो नाही, माती दिली नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, उस्ताद. आज विचारलं तरी पुन्हा तसंच करीन.

फक्त एक गोष्ट मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. जहाजावर तिसऱ्या दिवशी तुमची फार आठवण आली म्हणून मी ती कांडी कानाशी धरून वाकवली होती. ती बोलली नाही; कमरेची म्हणून तुम्ही मला पोत्यातली दिली होती. म्हणजे हवालदारानं स्टोअरमधलं कथील विचारलं तेव्हा मला माहीत होतं. तुमची अब्रू राखायला नको म्हणालो, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं हे की शुद्ध कथलावर माझा हात कधी बसलाच नव्हता. ते माझ्यानं पसरलं नाही तर सगळ्यांसमोर शोभा होईल, याचं भय वाटलं. तुमच्याकडं मी जे शिकलो ते शिशावरच शिकलो होतो. आणि मुरुमात जे खपलं ते तिथंही खपेल, असं वाटलं.

बाजारात तुम्ही हळू बोलला होतात. मला ऐकू आलं होतं.