डोहात गेळफळं नव्हती, बा

प्रिय बा,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. होतास तेव्हा फोनवरचं तुझं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. पण काल कारखान्याच्या पाण्याबद्दल केलेल्या आपल्या अर्जाचं सरकारी कचेरीतून उत्तर आलं आणि त्यात तू निघालास. ‘गावकऱ्यांनी गेळफळे टाकल्याने मासे मेले, असे गावातील जाणत्या मासेमाराने सांगितले.’ खाली तुझा अंगठा. अर्ज निकाली!

डोकंच फिरलं माझं. कारखान्याचं पाणी नाल्यातून आपल्या डोहात उतरतं, हे मुरबाडच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. साहेबांना मात्र तेवढं तुझंच वाक्य सापडलं.

का बोललास रे?

तुला तरी काय म्हणू? मासे वर येऊन तोंडं वासायला लागले, की कुणीतरी रानातली गेळफळं ठेचून पाण्यात टाकलीत आणि मासे झिंगलेत, एवढंच आपल्याला ठाऊक. मीही तेच धरून चालले. त्या दिवशी मी शहापूरहून घरी आले होते, पदर खोचून मासे धरायला पहिली मीच पाण्यात उतरले. अर्जावरून साहेब पाणी बघायला आले ते नेमके तेव्हाच. त्यांनी विचारलं आणि तू पाहुण्यांना सांगावं तसं कौतुकाने सगळं सांगत बसलास. त्यांनी कागद पुढे केला, तू अंगठा दिलास.

ते गेल्यावर तू एक मासा घमेल्यात, विहिरीच्या पाण्यात सोडलास. गेळफळांनी झिंगलेला मासा चांगल्या पाण्यात घटकाभरात शुद्धीवर येतो. हा आलाच नाही. तू कल्ला उचललास. लालभडक असायचा तो तपकिरी पडलेला, वर बुळबुळीत थर. पोटाखाली फोड.

“मंदे, हे गेळाचं काम नाय गो,” तू म्हणालास.

मग टोपलीभर मासे खड्ड्यात पुरायला लावलेस. मसाला वाटून बसलेली आई तुझ्यावर किती चिडली होती!

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल, जबाब बदलून येऊ. तर तुला लाज. उभा जन्म नदीवर काढला आणि मासा कशाने मेला ते ओळखता आलं नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू, म्हणालास. भात कापून झालं की जाऊ म्हणालास. भात कापून झालं आणि तूच गेलास. मीही तेव्हा तुला हाताला धरून नेलं नाही. ते मला अजून खातं.

डोहात आता बोटाएवढा मासाही दिसत नाही. खालच्या पाड्यातल्या बायका तेच पाणी भांड्यांना वापरतात. आणि कागद म्हणतो, तुमचं तुम्हीच केलंत.

सोमवारी मी साहेबांच्या कचेरीत जाते. माझा बा चुकला, आणि चुकल्याचं त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं, हे लिहून घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही. गावात तुझं नाव खाली येईल. आई माझ्याशी बोलायची नाही. तरी जाणार. तू रागावू नकोस.

तुला खोटं पाडायला निघालेली,
तुझीच लेक
मंदा