उभा उजेड, आडवा उजेड

प्रिय आई,

तुला वाकून नमस्कार. बाबांनाही, ते ‘राहू दे, राहू दे’ म्हणाले तरी.

मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक वेळा. बोटाला चटका बसला होता, तो आता बरा झालाय म्हणून सांगते.

तू शेजारच्या काकूंना ‘ती वायरी जोडते’ असं सांगतेस ना? तसंच समज. उजेड उभा थरथरतो, तसा आडवाही. केसाएवढे दोन खास काचतंतू ज्योतीवर एकजीव करून ताणले, की उभा उजेड एकातून बाहेर पडतो आणि आडवा दुसऱ्यातून. पण माझे तंतू ऐन ताणताना तुटायचे. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, “आता एकदाच बघ. नाही जमलं तर हे काम बंद.”

काल तो शेवटचा प्रयत्न केला. तंतू ताणले, आणि तुटले नाहीत! तपासलं, तर उजेड अगदी नीट वेगळा झालेला. मी सगळ्यांसमोर मराठीतच ओरडले, “आई, जमलं गं!”

शेजारचा तंत्रज्ञ घाबरून म्हणाला, “भाजलं का?” मला आधी हसू आलं, मग रडूच फुटलं. मॅडमनी अर्थ विचारला. मी सांगितल्यावर म्हणाल्या, “मग आईला भेटून ये की!”

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं दादाकडून कळलं. माझ्यापासून लपवलंत ना? आता तारीख कळव. रजा मिळाली आहे. पट्टी सोडतील तेव्हा समोर मीच असेन.

तुझी,
चिमणी